फ्रीजमधला जिवंत माल

गंगावेशीच्या अलीकडं आमचं मेडिकल आहे, वडिलांनी, म्हणजे आण्णांनी सुरू केलेलं, आता मी बसतो. सोमवारी सकाळी शटर वर केलं की पहिली दोन-तीन गिऱ्हाईकं ठरलेली, एक हात पोटावर आणि दुसऱ्या हातानं खिसा चाचपत, "पोटाचं कायतरी द्या ओ." रविवारी कोल्हापुरात काय शिजतं ते सांगायला नको, त्यामुळं कारण मी विचारत नाही, किती वेळा झालं, ताप हाय काय, रक्त दिसलं काय, एवढंच विचारतो. आणि उत्तर द्यायच्या आधीच समोरच्याचं बोट फ्रीजकडं गेलेलं असतंय. "त्या बारक्या बाटल्या हायत न्हवं, त्या द्या दोन. मागच्या बारीला डॉक्टरांनी लेकाला दिलेल्या."

त्या बारक्या बाटल्या म्हणजे प्रोबायोटिक, पोटासाठी घ्यायचे जिवंत जंतू, आणि त्यांना खरं तर फ्रीज लागत नाही. आम्ही आपलं ठेवतो, गार बाटली हातात पडली की माणसाला औषध भारी वाटतं. पाच मिलीची प्लॅस्टिकची बाटली, आत गढूळ पाण्यासारखं काहीतरी, आणि त्यात बॅसिलस क्लॉसी नावाच्या जंतूचे २ अब्ज बीजाणू. बीजाणू म्हणजे जंतूनं भोवती टणक कवच करून घेतलेली झोप म्हणा, त्यामुळं बाहेरच्या गरमीत किंवा पोटातल्या अॅसिडमध्ये तो सहसा मरत नाही, खाली आतड्यात पोचल्यावर जागा होतो. बाटली दिसते मात्र अगदी इंजेक्शनसारखी. कामावर नवीन आलेल्या पोरानं एकदा अख्खा बॉक्स इंजेक्शनच्या ड्रॉवरमध्ये लावून ठेवलेला, आणि एका काकूंनी तर "आता सुई कुणाकडनं मारून घेऊ, कंपाउंडर गावाला गेलाय" म्हणून विचारलं होतं. हे फक्त तोंडानं घ्यायचं असं बाटलीवर छापलेलं असतंय, पण छापलेलं वाचतंय कोण. मीही वाचत नव्हतो, ते पुढं येईलच.

दुसरे एक मामा, रोजचे गिऱ्हाईक, त्यांना डॉक्टरांनी लॅक्टोबॅसिलस नावाच्या जिवंत जंतूंची पुडी लिहून दिलेली. आठ दिवसांनी आले ते चिडूनच, काय उपयोग न्हाई तुमच्या पुडीचा. कशातनं घेतली विचारलं तर म्हणाले चहातनं, गरम गरम. म्हणलं मामा, मेले की सगळे. "कोण मेलं?" असं त्यांनी इतक्या घाबरून विचारलं की दुकानातली माणसं गप्प झाली.

हसायचा भाग सोडा, पण सगळी गंमत तिथंच आहे. दुकानात दोन-अडीच हजार प्रकारचा माल असेल, त्यातला हा एकच माल असा की जो जिवंत असण्याचेच पैसे घेतो. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी मिळून प्रोबायोटिकची जी व्याख्या केली ती साध्या भाषेत एवढीच, की जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा संख्येनं घेतले तर घेणाऱ्याच्या तब्येतीला फायदा करणारे. जिवंत पाहिजेत, पुरेसे पाहिजेत, आणि फायदा दिसलेला पाहिजे, नुसता वाटलेला नाही. आपल्याकडं अन्न म्हणून जे प्रोबायोटिक विकतात त्याला एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, दिवसाच्या मात्रेत कमीत कमी १० कोटी जिवंत जंतू असले पाहिजेत. हल्ली लोकांना आकड्यांचा नाद लागलाय. "वीस अब्जवालं हाय काय तुमच्याकडं?" मोबाईलचा कॅमेरा घेतल्यासारखं. अरे भावा, अब्ज कुणाचे ते तर बघ. खासबागेत पैलवान किती आले यापेक्षा कुस्ती कुणाची कुणाबरोबर लावलीय ते महत्त्वाचं. एकाच नावाच्या जंतूच्या वेगवेगळ्या जाती, म्हणजे स्ट्रेन, वेगवेगळं वागतात, एकाचा अभ्यास दुसऱ्याच्या नावावर खपत नाही.

आणि नावांचा घोळ तर विचारूच नका. अँटिबायोटिकच्या कित्येक गोळ्यांमध्ये कंपन्या जंतू मिसळूनच देतात, स्ट्रिपवर लॅक्टिक अॅसिड बॅसिलस किंवा लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेन्स असं काहीतरी असतं. लोकांना वाटतं दह्यातलाच तो. तर तो दह्यातला नाही, तो बॅसिलस कोअॅग्युलन्स, बीजाणू करणारा, जुनं चुकीचं नाव व्यापारात तसंच चालत राहिलं. वाईट आहे असं नाही म्हणत मी, पण दुकानदारानं ताकाला जाऊन भांडं का लपवायचं.

ताकावरनं आठवलं, दह्याबद्दल बोललं पाहिजे, कारण प्रत्येक दहाव्या माणसाचा प्रश्न तोच असतो, की हे महागाचं घेण्यापेक्षा दही खाल्लं तर चालत नाही काय.

आमच्या घरात दही म्हणजे आईचा कारभार. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून ग्लास हातात देतात, बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना पहिल्यांदा तिथंच नेतात लोक. आईचं दूध तिथल्याच एका गवळ्याकडचं, पण ती ते चांगलं तीन उकळ्या आणून मग कोमट करते, करंगळी बुडवून दहापर्यंत मोजते, बोट पोळलं नाही आणि गारही लागलं नाही की चमच्याच्या टोकावर विरजण घेऊन ते आधी गाडग्याच्या आतल्या बाजूला फासते आणि मग दूध ओतते. ढवळत नाही. थंडीत गाडगं गोधडीत गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी. सकाळी गाडगं तिरकं केलं तरी दही हलत नाही, वर सायीचा जाड थर, चमचा घातला की वडीसारखा तुकडा निघतो आणि त्या खड्ड्यात हळूहळू पाणी जमतं. आईला थर्मामीटर माहीत नाही, पण तिची करंगळी चाळीस-बेचाळीस डिग्रीला बरोबर थांबते, आणि दही लावणाऱ्या जंतूंना तेवढीच ऊब लागते.

आत काय चालतं तर स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बुल्गॅरिकस किंवा त्यांचे भाऊबंद दुधातली साखर खातात, तिचं लॅक्टिक अॅसिड करतात, आंबटपणा एका पातळीच्या पुढं गेला की दुधातलं केसीन नावाचं प्रोटीन गोळा होतं आणि दूध बसतं. ज्यांना दूध पचत नाही, पोट गुबारतं, त्यांना दही बरं पडतं ते याच कारणानं, साखर थोडी आधीच खाल्लेली असते आणि उरलेली पचवायला हे जंतू मदत करतात. हा फायदा युरोपातल्या अन्न सुरक्षा संस्थेनंही २०१० साली मान्य केलाय, आणि ती संस्था प्रोबायोटिकवाल्यांचे दावे नाकारण्यात लै कडक आहे.

त्या बुल्गॅरिकसची कथाही भारी आहे. स्टामेन ग्रिगोरोव्ह नावाच्या बल्गेरियन विद्यार्थ्यानं १९०५ साली जिनिव्हात आपल्या गावाकडच्या दह्यात हा जंतू शोधला. मग पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले एली मेचनिकॉफ, ज्यांना १९०८ चं नोबेल मिळालं पण ते प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, यांनी असं मांडलं की बल्गेरियातले शेतकरी एवढे जगतात ते आंबलेल्या दुधामुळं. स्वतः रोज आंबट दूध प्यायचे. ७१ व्या वर्षी गेले. पुढं लोकांनी तपासलं तर कळलं की बुल्गॅरिकस माणसाच्या आतड्यात वस्तीच करत नाही. बाकीच्या बहुतेक प्रोबायोटिकचंही तसंच, घ्यायचं बंद केलं की काही दिवसांत निघून जातात. जोतिबाच्या चैत्र यात्रेला डोंगर माणसांनी भरून जातो, गुलालानं लाल होतो, पण म्हणून कोणी तिथं घर बांधून राहत नाही, तसंच. आपल्या आतड्यात आपले स्वतःचे राहणारे जंतूच जवळपास ३८ लाख कोटी आहेत असा हिशोब आहे, तिथं नव्या माणसाला जागा कोण देणार.

तर दही खाल्लं तर चालतं काय? चालतं की, रोज खावा. पण आईच्या गाडग्यात नक्की कोण कोण नांदतंय, किती आहेत, हे आईलाही माहीत नाही आणि मलाही नाही, आणि अमुक आजारावर त्या गाडग्याचा अभ्यास कुणी केलेला नाही, म्हणून शास्त्राच्या भाषेत त्याला प्रोबायोटिक म्हणत नाहीत, आंबवलेलं अन्न म्हणतात. चांगलं अन्न आहे, एवढं पुरे. दही उकळून कढी केली की जंतू मेले. इडली, आंबोळी आंबवलेली खरी, पण वाफेवर नाहीतर तव्यावर जिवंत कोण राहतंय. आंबिलीचं मात्र आई बरोबर करते. मार्गशीर्षात ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा असते, घरातनं आंबील, घुगऱ्या, दहीभात, मेथीची भाजी, कांद्याची पात, गाजर सगळं बांधून नेऊन नैवेद्य दाखवायचा आणि तिथंच पंगतीला बसायचं. ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवलेलं, सकाळी शिजवलेलं, आणि पार गार झाल्यावर वरनं ताजं ताक आणि ठेचलेला लसूण. शिजवताना गेले तेवढे वरच्या ताकातनं परत आले. ज्वारी आणि लसूण म्हणजे वर जंतूंचं खाणंही, ज्याला आता प्रीबायोटिक म्हणून डब्यात भरून विकतात.

आणि एक, जाता जाता, कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाला प्रोबायोटिक समजू नका. मीही तालमीत जायचो तेव्हा प्यायलोय, चव विसरत नाही, पण कच्च्या दुधातनं ब्रुसेलोसिस, टीबी असले आजार येऊ शकतात. गरोदर बायका आणि लहान पोरांना तरी उकळलेलंच द्यावं. यावरनं माझं तिथल्या एका मित्राशी भांडण झालंय, होऊ दे.

आता कामाचं, म्हणजे कशाला उपयोग होतो. सगळ्यात पक्की गोष्ट अँटिबायोटिकमुळं होणाऱ्या जुलाबांची. अँटिबायोटिक म्हणजे तणनाशक मारल्यासारखं, तणाबरोबर पीकही जळतं. जगभरचे अभ्यास एकत्र तपासणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे, तिचा लहान मुलांवरच्या ३३ अभ्यासांचा २०१९ सालचा आढावा आहे, त्यात प्रोबायोटिक न घेतलेल्या शंभरातल्या १९ मुलांना असे जुलाब झाले आणि घेतलेल्यांत ८. चांगला फरक आहे. पण त्यालाही बारीक अक्षरं आहेत. जंतूवालं प्रोबायोटिक अँटिबायोटिकबरोबर एकाच घोटात गिळलं तर काय उपयोग, दोन तासांचं अंतर ठेवावं लागतं. आणि इस्रायलच्या वाइझमन संस्थेत २०१८ साली असं दिसलं की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांचे स्वतःचे मूळचे जंतू परत यायला उलट जास्त वेळ लागला. पाहुणे आधी येऊन बसले, घरची माणसं दारात. म्हणून संपल्यानंतरही महिना-दोन महिने आपलं चालूच ठेवतो असं कोणी म्हणलं की मी विचारतो, कुणी सांगितलं?

साध्या जुलाबाचं मात्र मी तुमच्या तोंडावर सांगतो, आणि हे सांगितल्यानं माझाच धंदा कमी होतो. २०१८ साली अमेरिका आणि कॅनडात लहान मुलांच्या जुलाब-उलटीवर दोन मोठे अभ्यास झाले, एकात ९७१ मुलं, दुसऱ्यात ८८६. निम्म्यांना लॅक्टोबॅसिलसवालं प्रोबायोटिक, निम्म्यांना तसंच दिसणारं खोटं औषध. दोन्हीकडं पोरं सारख्याच दिवसांत बरी झाली. अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेनं तर २०२० साली लिहूनच टाकलं की त्यांच्याकडं तरी मुलांच्या जुलाबाला हे देऊ नये.

२०१९ च्या ऑगस्टातला पूर आठवतो. पंचगंगा चढलेली, नळाला पाणी नाही, टँकरपुढं रांगा, आणि पुढच्या आठवड्यात सगळ्या पेठांत पोटं बिघडलेली. एक बाई दोन वर्षांच्या पोराला काखेत घेऊन आली, पोराचे डोळे खोल गेलेले, आणि ती फक्त बाटली मागत होती. ओआरएस देतो म्हणलं तर म्हणाली, "ते हाय घरात, दिलं की." कसं दिलं? अख्खी पुडी एका ग्लासात. एक लिटरची पुडी एका ग्लासात म्हणजे मीठ-साखरेचं एवढं दाट पाणी की जुलाब वाढतील. तिला दुकानातल्या पाण्याच्या बाटलीत करून दाखवलं, चमच्यानं पाज म्हणून सांगितलं आणि रिक्षात बसवून दवाखान्यात पाठवलं. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीसांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पिंपातनं वाटलं होतं आणि पटकीनं मरणाऱ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांवरनं ४ टक्क्यांच्या खाली आलं होतं. बारक्या बाटलीनं असलं काही केलेलं नाही. ओआरएस आणि चौदा दिवस झिंक, एवढं आधी, बाटली घ्यायची तर मागनं.

पण म्हणून सगळंच फसवं असंही नाही हं. ओडिशात खेड्यापाड्यांतल्या ४,५५६ नवजात बाळांवर डॉ. पिनाकी पाणिग्रहींच्या टीमनं केलेला अभ्यास २०१७ साली छापून आला. लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमची एक ठराविक जात आणि तिचं खाणं, फक्त सात दिवस. रक्तात जंतुसंसर्ग होणं किंवा मृत्यू, हे शंभरातल्या ९ बाळांवरनं ५.४ वर आलं. एवढ्या स्वस्त गोष्टीनं एवढा फरक. पण बघा, ठराविक जात, ठराविक मुलं, वजन बरं असलेली, पूर्ण किंवा जवळपास पूर्ण दिवसांची. उलट अपुऱ्या दिवसांच्या नाजूक बाळांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२३ साली डॉक्टरांना सावध केलं, कारण प्रोबायोटिकमधलाच जंतू एका बाळाच्या रक्तात गेला आणि ते बाळ दगावलं.

नेहमी पोट दुखणारे, कधी घट्ट कधी पातळ, टेन्शन आलं की संडासकडं पळणारे आयबीएसवाले, त्यांच्यातल्या काहींना उपयोग होतो. ब्रिटनच्या पोटाच्या डॉक्टरांचं म्हणणं साधं आहे, बारा आठवड्यांपर्यंत घेऊन बघा, फरक नाही पडला तर बंद करा. सुरवातीला गॅस वाढतो, तो बऱ्याचदा आपोआप कमी होतो. मला हे 'नाही पडला तर बंद करा' फार आवडतं, कारण आमच्याकडं चालू केलेलं औषध बंद करायची पद्धतच नाही.

आता आण्णांचं सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आण्णांना रक्ताचा आजार निघाला. केमो सुरू झाली, गळ्याजवळ मोठ्या शिरेत नळी घातलेली, तिच्यातनंच सगळी औषधं. दुसऱ्या फेरीनंतर ताप आला, भारी अँटिबायोटिक सुरू झाली आणि चौथ्या दिवशी जुलाब. दिवसातनं नऊ-दहा वेळा. ज्या माणसानं चाळीस वर्षं अख्ख्या पेठेला पोटाचं औषध दिलं तो माणूस पॉटवर बसून माझ्याकडं बघत नव्हता. मी मेडिकलवाला, मला काय, मी रात्री दुकानात जाऊन यीस्टची पुडी घेऊन आलो. सॅकरोमायसिस बुलार्डी. आमच्यात या पुडीला मान आहे, यीस्ट म्हणजे बुरशीच्या जातीतलं असल्यामुळं अँटिबायोटिकनं मरत नाही, दोन तासांचं अंतर ठेवायची भानगड नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ हेन्री बुलार्ड १९२० च्या दशकात इंडोचायनात असताना पटकीची साथ होती, तिथले लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पीत होते, त्या सालींवरनं त्यांनी हे यीस्ट काढलं. अशी चांगल्या घरची पुडी शर्टाच्या वरच्या खिशात घालून मी वॉर्डात गेलो.

आण्णांच्या कॉटवर बसलो, ग्लासात पाणी घेतलं, आणि पुडीचा कोपरा दातात धरला तेवढ्यात मागनं सिस्टर ओरडली.

"ओ दादा, ते इथं फोडू नका! बाहेर जावा आधी, बाहेर जावा!"

पंचविशीतली पोरगी असेल. तिनं माझ्या हातातनं पुडी काढून घेतली, मला बेसिनपाशी नेऊन साबणानं दोनदा हात धुवायला लावले, मी फोडली नव्हती तरी. मला राग आला. म्हणलं मॅडम, माझं मेडिकल आहे. ती म्हणाली, "मग तर तुम्हाला माहीत पाहिजे."

संध्याकाळी डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. आण्णांच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या, आणि गळ्यातली नळी म्हणजे थेट हृदयापर्यंतचा रस्ता. पुडी फोडली की पावडर हवेत उडते, बोटांना लागते, त्या बोटांनी कोणी नळीच्या टोकाला हात लावला की यीस्ट रक्तात. चांगल्या माणसाला ते काही करत नाही, याला ते रक्तात वाढून मारू शकतं. नुसता शेजारच्या कॉटवर कोणी पुडी फोडली म्हणून नळी असलेल्या पेशंटच्या रक्तात हे यीस्ट सापडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत, युरोपात तर अशा पेशंटना देऊच नये असं ठरवून टाकलंय. आणखी एक त्यांनी सांगितलं, नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या २९८ पेशंटवर प्रोबायोटिकचा अभ्यास झाला होता, २००८ साली निकाल छापला, आणि औषध घेतलेल्यांत मृत्यू १६ टक्के, न घेतलेल्यांत ६. जे मदतीला पाठवलं तेच उलटलं. आण्णांच्या जुलाबाचं त्यांनी आधी सँपल तपासायला पाठवलं, अँटिबायोटिकनंतर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा एक बेरकी जंतू वाढतो, तो निघाला, त्याचं वेगळं औषध सुरू झालं आणि सहाव्या दिवशी जुलाब थांबले.

त्या रात्री मी दुकान उघडलं. अकरा वाजून गेलेले. त्या पुड्यांचा बॉक्स काढला आणि आतला कागद बाहेर काढला, तो पातळ, आठ घड्यांचा, मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद, जो आम्ही प्रत्येक बॉक्सबरोबर देतो किंवा सुट्या पुड्या दिल्या तर कचऱ्याच्या डब्यात टाकतो. काउंटरवर सरळ करून वाचला. लिहिलं होतं. शिरेत नळी असलेला पेशंट, प्रतिकारशक्ती कमी असलेला पेशंट, पुडी पेशंटजवळ उघडू नका, सगळं. किती वर्षं विकत होतो मी. चॉकलेट दिल्यासारखं. काय साइड इफेक्ट न्हाई ओ, घ्या बिनधास्त, हे वाक्य मी किती हजार वेळा म्हणलं असेल. जंतू जिवंत आहेत म्हणून पैसे घ्यायचे आणि जिवंत आहेत हेच विसरायचं.

तेव्हापासनं काउंटरवर दोन प्रश्न वाढलेत. घरात कोणाची केमो चालू हाय काय, किडनी-बिडनी बदललीय काय, स्टिरॉइड मोठ्या डोसमध्ये चालू हाय काय. आणि बाळासाठी मागितलं तर बाळ पूर्ण दिवसांचं होतं काय. लोक वैतागतात. एक जण म्हणाला, "पोटाचं मागालोय ओ, कर्ज न्हाई." शंभरातल्या नव्व्याण्णवांना काही होणार नाही, मलाही माहीत आहे. विचारतो तरी.

आण्णांना पुढचे चार महिने दही बंद होतं. पेशी वाढेपर्यंत शिजवलेलंच खायचं असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ज्यानं जन्मभर जेवणाचा शेवट दहीभातानं केला त्याला कढी मिळायची, चांगली खळखळून उकळलेली, आणि आण्णा वाटीत बघून म्हणायचे, "म्हणजे मेलेलं दही." त्या वर्षी आंबील यात्रेलाही आमच्याकडनं कोणी गेलं नाही. आई तर हॉस्पिटलातच राहायला, घरी रात्री मी आणि पोरगी, दोघं बाहेरनं आणून खायचो, आणि विरजणाकडं कुणाचं लक्ष नव्हतं. एक दिवस फ्रीज साफ करताना मागच्या कोपऱ्यात वाटी सापडली, वर हिरवी-काळी बुरशी. आईला सांगितलं नाही. ती ते विरजण लग्नानंतर चिखलीहून माहेरनं घेऊन आलेली असं नेहमी सांगायची.

शेवटची तपासणी चांगली आली, डॉक्टरांनी दही चालेल म्हणून कागदावर लिहून दिलं, तशी आई घरी येऊन आधी फ्रीजच उघडली. मग मला सांगावं लागलं. ती काही बोलली नाही, पदर खोचला आणि शेजारच्या वैनींकडं वाटी घेऊन गेली. दारातनं ऐकू आलं, वैनी हसत होत्या, "अहो काकू, तुमचंच की हे, सासूबाईंनी नेलेलं तुमच्याकडनं, पोरगा बारका होता तेव्हा."

दूध उकळलं, करंगळी बुडवून दहापर्यंत मोजलं, चमच्याचं टोक गाडग्याला फासलं. पहिल्या दिवशी दही पातळच लागलं, गाडगं तिरकं केल्यावर सगळं एका बाजूला आलं, आणि आंबटही झालेलं. आण्णांनी एक घास खाऊन तोंड वाकडं केलं, "व्हय ग, हे आपलं न्हाई," म्हणाले, आणि वाटी पुढं करून अजून मागितलं.